अंगणात गाडी रंगवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळ्यात पत्रं यायची ती वायपरची, बॅटरीची, काचेवर धुकं धरतंय त्याची. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली की विषय बदलतो. यंदा निम्म्याच्या वर पत्रं एकाच गोष्टीची आलीत, गाडी घरीच रंगवायचीय. मी बावीस वर्षं वाळूजला पेंट शॉपमध्ये काढली, त्याच्या आधी तीन वर्षं गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली नुसती घसाई केली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे अन् म्हणून या अंकात दुसरं काही घेतलं नाही.

प्रश्न : दादा, माझ्याकडं २००८ ची मारुती ८०० आहे, पांढरी. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायची नाही. मागं पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. आता दाराच्या खालच्या कडेला गंज आलाय, पुढच्या फेंडरला पोचा आहे अन् बॉनेटचा रंग गेलाय. गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला तेवढी गाडीची किंमत सुद्धा येणार नाही. मित्र म्हणायलेत कंप्रेसर भाड्यानं आण अन् घरीच मार. मी आजपर्यंत घराच्या दाराला सुद्धा रंग दिला नाही. जमंल का?
(एक वाचक, परतूर, जि. जालना)

जमंल. पण सगळी गाडी एकदम काढू नका, आधी एकच फेंडर घ्या. ८०० चा पुढचा फेंडर बोल्टवर असतो, काढून दोन स्टुलांवर ठेवता येतो, चारी बाजूनं हात फिरतो, अन् बिघडलाच तर गाडी दारात उघडीनागडी उभी राहत नाही. त्याच्याही आधी भंगारातून एखादं जुनं दार किंवा बॉनेट किलोवर आणा अन् पहिला हात त्याच्यावर साफ करा.

दुसरं म्हणजे वेळेचा हिशोब नीट समजून घ्या. दहा दिवसांचं काम धरलं तर त्यात स्प्रे गन हातात असते जेमतेम दोन तास. बाकी सगळी घसाई, धुलाई, सुकवणं, टेप चिकटवणं. लोकं व्हिडिओत बघतात तो शेवटचा ओला चमकणारा कोट, अन् त्याच्या मागचे नऊ दिवस कुणी बघत नाही, मग घाई होते अन् खालचं सगळं वर दिसतं. खाली एक ओरखडा राहिला तर पांढऱ्या रंगात दबेल म्हणून सोडू नका, चमक आली की तोच ओरखडा पहिला डोळ्यात भरतो.

आता तुमच्या गंजाचं. दाराच्या खालच्या कडेलाच तो का लागतो ते आधी बघा, नाहीतर वरून कितीही रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात तिथंच फुगून येणार. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून खाली गळून जातं. आपल्याकडची काळी माती, तिची धूळ आत जाते, त्यात पाणी पडलं की चिखल, तो वाळला की भोकं बंद, अन् मग दार म्हणजे पाण्याची कुंडी. सायकलची जुनी स्पोक घ्या, एकेक भोक मोकळं करा, दाराच्या आत पाईपनं पाणी सोडा अन् खालून धार लागते का बघा. धार लागली की दोन दिवस ऊन दाखवा, त्यानंतर गंजाला हात घाला.

गंज तारेच्या ब्रशनं अन् ८० नंबरच्या पेपरनं पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढायचा. खड्ड्यात बारीक काळे ठिपके राहतात, त्याला फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं गंज काढायचं औषध मिळतं, ते डब्यावर लिहिलं तेवढाच वेळ ठेवा, धुवा, लगेच सुकवा. हातमोजे घालूनच. पेचकस टोचला अन् आरपार गेला तर तिथं पत्रा कापून वेल्डिंगच लागणार, लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी) भरून भोक झाकू नका. लांबी पाणी पिते. मागून पाणी लागलं की ती पत्र्यापासून सुटते अन् वरचा रंग घेऊन पडते. अन् एकदा उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारून झाका. हाताचा घाम लागला तरी सकाळी बोटांचे ठसे तांबडे उठलेले दिसतात, मी बघितलेत.

पोच्याचं सांगतो. आधी ठोकून, ओढून पत्रा जमेल तेवढा जागेवर आणा, लांबी फक्त शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरसाठी. शंभर ग्रॅम लांबीला दोन ग्रॅम हार्डनर, म्हणजे लहान लिंबाएवढ्या गोळ्याला बोराच्या बीएवढं. जास्त टाकलं तर लवकर वाळेल असं वाटतं खरं, पण ज्यादा हार्डनरनं पुढं वरच्या रंगावर डाग उठतो. रंग सगळीकडं एकसारखा होईपर्यंत मळा, रेघा राहता कामा नये. थंडीत तुम्हाला सात-आठ मिनिटं मिळतील, मे महिन्यात तीन सुद्धा मिळत नाहीत. वाळल्यावर कोरडी घासा, पाणी लावून नाही, कारण वर सांगितलं तेच, ती पाणी पिते. ८० नं आकार काढा, मग १५०, मग २२०, शेवटी ३२०. अन् पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी घासलं की बोटांच्या रेषेत खड्डे पडतात.

सपाट झालं का हे डोळ्याला कळत नाही, तळहाताला कळतं. माझा उस्ताद जुना सुती रुमाल फेंडरवर टाकायचा, त्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा अन् पुढून मागं, मागून पुढं सावकाश फिरवायचा. मध्येच थांबून म्हणायचा, इथं. मी वाकून बघायचो, मला काही दिसायचं नाही. मग तो काळ्या रंगाचा हलका फवारा त्या जागेवर उडवायचा अन् ठोकळ्यानं दोन हात घासायला लावायचा. उंच जागेवरचं काळं निघून जायचं अन् बरोबर तो म्हणाला तिथं रुपयाएवढा काळा चट्टा राहायचा, खोल जागेत. असं किती वेळा झालं त्याची गणती नाही. तुम्ही पण करा, रुमाल अन् काळा फवारा दोन्ही. त्याला खर्च काहीच येत नाही.

त्याच्यावर प्रायमर सरफेसर, दोन-तीन कोट, मधे दहा-पंधरा मिनिटं सोडून. मग वॉटर पेपर, ४०० अन् मग ६०० किंवा ८००, भरपूर पाण्यानं. टँकरचे दिवस असतील तर एका बादलीत भागवा पण पाणी गाळून घ्या, त्यातला एक वाळूचा कण अख्ख्या पॅनलला रेघ पाडतो.

आता माझं खरं मत. इथपर्यंत सगळं घरी करा अन् शेवटचा हात गॅरेजच्या बूथमध्ये (रंग मारायच्या बंद खोलीत) मारून घ्या. गॅरेजच्या बिलात मोठा वाटा असतो मजुरीचा, अन् मजुरीत सगळ्यात जास्त दिवस खाते ती घसाई. ती तुम्ही केली की उरतो रंग अन् गन मारायची मजुरी. पण हे त्या पेंटरला काम सुरू करायच्या आधी जाऊन विचारा, तुम्ही कोणता प्रायमर वापरणार ते त्याला सांगा, कुणी दुसऱ्याच्या घसाईवर गन मारायला तयार नसतो, कुणी खुशीत हो म्हणतो. हो म्हणणारा शोधा.

अन् तरी स्वतःच मारायचं असेल, फेंडरपुरतं, तर हौस मी समजू शकतो, मारा. साधा पांढरा सगळ्यात माफ करणारा रंग आहे. शेड डोळ्यानं ठरवू नका, गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर रंगाचा कोड असतो, बॉनेटखाली नाहीतर दाराच्या खांबाजवळ सापडेल, तो दुकानात दाखवा. नवख्यानं एनसी (नायट्रोसेल्युलोज) घ्यावा, ज्याला जुनी माणसं ड्युको म्हणतात. (ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव, १९२० च्या दशकात आला अन् गाडी रंगवायला आठवडे लागायचे ते काही तासांवर आलं, आपल्याकडं नाव टिकलं ते टिकलंच.) एनसी नुसता थिनर उडून वाळतो, चुकला तर घासून परत मारता येतो. चमक त्याला गनमधून येत नाही, वाळल्यावर १५०० नं घासून रबिंग कंपाऊंड (चमक काढायची पेस्ट) लावून घोटावं लागतं, अन् आपल्या उन्हात काही वर्षांनी तो मंद पडतो. पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) टिकतो जास्त अन् चमकतो जास्त, पण त्याचं हार्डनर घरी का नको ते पुढच्या पत्रात सांगितलंय, ते नक्की वाचा.

गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच, म्हणजे तुमच्या हाताची वीत होते तेवढी. हात सरळ रेषेत, मनगट वळवायचं नाही, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पॅनलच्या बाहेर गन सुरू करायची, बाहेर जाऊनच बंद करायची. पहिला कोट अर्धवट पारदर्शक दिसेल, दिसू द्या, तो एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच.

अन् हवामान. मी नवखा असताना एकदा मे महिन्यात दुपारी तीनला बीडला मेव्हण्याच्या गाडीचं बॉनेट मारलं होतं. रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळायचा, वर बसायची ती पूड. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. त्यात वावटळ आली. सगळं काढून पुन्हा केलं, तीन दिवस गेले, अन् मेव्हण्याला ती गाडी घेऊन लग्नाला जायचं होतं ते राहून गेलं, ते मला अजून लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या, सकाळी दहा ते दुपारी तीन. पत्र्यावर हात ठेवून बघा, चटका बसला तर थांबा, गार पडला असेल तर ऊन वर येऊ द्या. शेजारी सोयाबीनची नाहीतर तुरीची मळणी चालू असेल तर तो दिवस सोडा, भुसा अख्ख्या गल्लीत फिरतो. सेलू-मानवतकडच्या लोकांना जिनिंगच्या कापसाचे तंतू वेगळे सांगायला नको. जमीन आधी पाण्यानं ओली करा म्हणजे खालून धूळ उठत नाही.

प्रश्न : भाऊ, आमच्या घराला लागूनच पत्र्याचं शेड आहे, त्यात आमचे मिस्टर गेले पंधरा दिवस गाडी रंगवायलेत. दोन डब्यातलं मिसळून मारतात तो रंग आहे. वास सगळ्या घरात भरतो, सात वर्षांचा मुलगा रात्री खोकतोय. ते म्हणतात तोंडाला रुमाल बांधलाय, कूलर उलटा लावून हवा बाहेर काढतोय, काही होत नाही. मला भीती वाटते. मी उगंच घाबरतेय का?
(एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

ताई, तुम्ही उगंच घाबरत नाही आहात. हे उत्तर वाचून झालं की मासिक त्यांच्या हातात द्या.

दोन डब्यातला म्हणजे पीयू. त्यातल्या हार्डनरच्या डब्यात आयसोसायनेट असतं. गनमधून त्याची बारीक वाफ अन् तुषार हवेत राहतात, श्वासात गेले की फुप्फुसाला त्याची सवय होत नाही, उलट एकेका माणसाचं शरीर त्याच्यावर चिडायला शिकतं. त्याला दमा होतो, अन् एकदा झाला की पुढं अगदी थोड्या वासानं सुद्धा धाप लागते. रंगकाम करणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं हे जगभर ओळखीचं कारण आहे. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा वास फारसा येत नाही. तुम्हाला जो वास येतोय तो थिनरचा. म्हणजे वास कमी झाला म्हणून हवा साफ झाली असं नाही.

रुमाल धूळ सुद्धा धड अडवत नाही. कोरोनातले मास्क घरात उरलेत, ते धुळीसाठी, वाफेला त्यांचा काही उपयोग नाही. एनसी किंवा थिनरसाठी निदान कार्ट्रिजवाला मास्क लागतो, सेंद्रिय वाफेचा (म्हणजे थिनरसारख्या रसायनांच्या वाफेसाठीचा), नाकातोंडाला घट्ट बसणारा, अन् दाढी असेल तर तोही घट्ट बसत नाही. पीयूला कार्ट्रिजचाही भरवसा धरू नये, कार्ट्रिज संपलं हे वासावरून कळत नाही म्हणून. कारखान्यात आम्ही बाहेरून नळीनं साफ हवा येणारा मास्क घालायचो. घरी ती सोय नसते, म्हणून मी घरी पीयू मारू नका म्हणतो अन् या बाबतीत मी कधीच नरम पडत नाही.

आता कूलर. याची मला तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त काळजी वाटली. थिनरची वाफ पेटते. कूलरच्या पंख्याची साधी मोटर त्या वाफेच्या मार्गातच बसलेली असते, अन् त्यातली किंवा तिच्या बटनातली एक ठिणगी पुरेशी आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, उंबरा ओलांडून घरात येते. देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, फ्रिज, इन्व्हर्टर हे सगळं त्या वाफेच्या वाटेत येतं. आजच कूलर बंद करून बाहेर काढायला सांगा. (ज्यांनी कूलर सुलटा लावलाय त्यांच्यासाठी, ओल्या हवेनं एनसीवर पांढुरकी साय धरते, ती वेगळीच.)

आता करायचं काय. पुढचे कोट शेडमध्ये नकोत, गाडी गॅरेजला न्या, उरलेला रंग त्यांनाच द्या, तो वाया जात नाही, फक्त हार्डनर मिसळलेला असेल तेवढाच वाया. घराच्या खिडक्या उघडून दोन-तीन दिवस हवा खेळती ठेवा. शेडमधली थिनरची फडकी गोळा करून घरात ठेवू नका, उघड्यावर पसरून वाळू द्या. मुलाला डॉक्टरांकडं न्या अन् घरात कोणता रंग मारत होते ते डब्यासकट दाखवा, नुसतं खोकला आहे असं सांगू नका, डबा दाखवा. मिस्टरांनाही छातीत जड वाटतं का, रात्री खोकला येतो का ते विचारा, हा त्रास पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी, रात्री सुरू होतो म्हणून माणसाला त्याचा रंगाशी संबंध लागत नाही.

प्रश्न : जुन्या जीपच्या दाराला आधी कुणीतरी ब्रशनं साधा ऑईल पेंट मारला होता. तो नीट घासून मी वरून स्प्रेच्या डब्यानं निळा मारला. पहिला कोट छान बसला, दुसरा मारला अन् पाच मिनिटात सगळा रंग सुरकुतला, गरम दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला. डबा खराब होता का?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

डब्याची चूक नाही. खालचा ऑईल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, तो वरून वाळल्यासारखा दिसतो पण तेज थिनर लागला की मऊ होऊन फुगतो. स्प्रेच्या डब्यात बहुतेक वेळा एनसीसारखा तेज थिनरचाच रंग असतो. पहिल्या कोटात थिनर कमी मुरला म्हणून तो वाचला, दुसऱ्यात खालपर्यंत गेला. आता ते सगळं पत्र्यापर्यंत काढायचं, दुसरा उपाय नाही, वरून घासून चालवाल तर पुन्हा तेच होईल.

पुढच्या वेळी आधी ओळखा. कापसाच्या बोळ्यावर एनसी थिनर घ्या अन् न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर खाली एनसी आहे, त्यावर एनसी बिनधास्त मारा. फुगला, सुरकुतला तर इनॅमल, पूर्ण काढा. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा पीयू आहे, नीट घासलं की त्याच्यावर काहीही बसतं.

प्रश्न : माझी जीप लाल आहे, तिला मिलिटरी हिरवा मारायचाय, मॅट. मित्रानं सांगितलं काही होत नाही, सगळे मारतात.
(एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड)

होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. खाजगी गाडीला तो चालत नाही, मॅट असो की चकचकीत. दुसरा कुठलाही रंग निवडला तरी आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत अर्ज करून नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागेल, विमा कंपनीलाही कळवा. हे सगळं रंग मारायच्या आधी करा. लालावर पुन्हा लालच मारणार असाल तर यातलं काहीच लागत नाही.

प्रश्न : आमची लाल हॅचबॅक कायम उन्हात उभी असते. छत अन् बॉनेट गुलाबी-पांढरट पडलंय. रंग मारायचा की दुसरं काही होईल?
(एक वाचक, धाराशिव)

थांबा, कदाचित रंगाची गरजच नाही. बॉनेटचा एक कोपरा धुवा, वीतभर जागा, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं रबिंग कंपाऊंड घेऊन दोन मिनिटं घासा. फडकं लाल झालं तर तुमच्या गाडीला वर वेगळा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, उन्हानं रंगाचाच वरचा थर मेलाय, तो निघाला की खाली चांगला लाल आहे. कंपाऊंड, मग पॉलिश, मग मेण, एका रविवारचं काम. लई समाधान मिळतं, खरंच करून बघा.

फडकं लाल झालं नाही तर वर क्लिअर आहे. तो नुसता धुरकट असेल तर पॉलिशनं सुधारेल, पण सांभाळून, कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन असतात अन् त्यात क्लिअर चाळीस-पन्नासच. आपल्या केसाची जाडी सत्तरच्या आसपास, म्हणजे क्लिअर केसापेक्षा पातळ. दरवर्षी कंपाऊंड करणारे लोक तो स्वतःच्या हातानं संपवतात.

पण क्लिअरची साल निघायला लागली असेल, कडेला नख घातलं की पापुद्रा उठतो तशी, तर पॉलिशनं काही होणार नाही. नुसता वरून क्लिअर मारला तर पापुद्र्याची कड तशीच दिसते अन् बाजूचा जुना क्लिअर पुढच्या उन्हाळ्यात सुटतो. पूर्ण पॅनल घासून पुन्हा रंग अन् क्लिअर, दोन्ही.

प्रश्न : एक एचपीचा, पंचवीस लिटर टाकीचा कंप्रेसर स्वस्तात मिळतोय. पूर्ण गाडी होईल का?
(एक वाचक, नांदेड)

नाही. एक एचपी म्हणजे मिनिटाला चार घनफूट हवा, ती पण चांगल्या दिवशी, अन् गाडीच्या गनला आठ ते बारा लागते. अर्धं बॉनेट होतं न होतं तोच दाब पडतो, फवारा जाड होतो अन् संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत जमीन येते. फेंडर, आरशाचं कव्हर, बाईकची टाकी यांना चालेल. घेतलात तर पाणी अडवणारा फिल्टर लावा अन् टाकीच्या खालचा कॉक रोज सोडा, आतून किती पाणी निघतं बघून आश्चर्य वाटेल, तेच पाणी रंगात फोड होऊन येतं.

प्रश्न : सिल्व्हर गाडीच्या बंपरचा कोपरा घासलाय. स्प्रेच्या डब्यानं तेवढाच कोपरा करता येईल का? अन् आधी एकदा केला होता तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडले.
(एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

खड्ड्यांचं आधी. ते सिलिकॉनचं काम. डॅशबोर्ड, टायर, बंपर चमकवायचा जो स्प्रे आपण मारतो त्यात सिलिकॉन असतं, त्याचा अंश राहिला की रंग तिथून मागं सरकतो. नुसत्या साबणानं जात नाही. वॅक्स-ग्रीस काढायचं द्रावण दुकानात मिळतं, एका फडक्यानं लावायचं अन् वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं पुसायचं. घासायच्या आधी एकदा अन् घासल्यानंतर एकदा, कारण पेपरनं ते ओरखड्यात आत ढकललं जातं. अन् ज्या दिवशी रंग मारणार त्या दिवशी आसपास कुणी डॅशबोर्डचा स्प्रे उघडू सुद्धा नका.

सिल्व्हर हा हौशी माणसासाठी सगळ्यात अवघड रंग. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण कसे बसले त्यावर त्याची छटा ठरते, ओला मारला तर गडद, कोरडा मारला तर उजळ, म्हणजे कोड बरोबर असूनही जोड दिसतो. तरी बंपरचा कोपरा हीच एक जागा आहे जिथं मी करून बघा म्हणेन. बंपर प्लास्टिकचा अन् बॉडी पत्र्याची, तसाही नव्या गाडीत सुद्धा दोन्हीच्या छटेत बारीक फरक असतोच. उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर मारा नाहीतर प्रेशरनं धुताना रंग कागदासारखा निघून येतो. टेपची सरळ कड बंपरच्या मधोमध सोडू नका, रंग हळूहळू विरळ करत न्या अन् क्लिअर मात्र बंपरच्या एखाद्या घडीपर्यंत किंवा फटीपर्यंत पूर्ण. डबा आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गरम नाही, अन् मग दोन मिनिटं सलग हलवा, आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं. रंग मारून झाला की डबा उलटा धरून नुसता गॅस निघेपर्यंत दाबा, म्हणजे नॉझल बुजत नाही अन् उरलेला रंग पुढच्या ओरखड्याला कामी येतो.